साउलेला आणायला आपण गेलो तेव्हा

ताई,

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून द्या, असा परवा फोन आला. तुम्ही अमेरिकेत कधी आलात, रेसिडेन्सी कुठे केलीत, किती वर्षं प्रॅक्टिस केलीत, हे सगळं त्यांना हवं होतं. ते मी श्रीकांतला लिहायला सांगितलंय. तो तुमचा धाकटा भाऊ, त्याला ते पाठ आहे. मी मात्र तुमचा विचार करायला बसले की तुमचं क्लिनिक डोळ्यांपुढे येत नाही. कझाकस्तानातल्या एका अनाथाश्रमातली गाण्याची खोली येते. भिंतीला टेकवलेला पियानो, नको इतका तापणारा रेडिएटर, आणि लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन ओळीने बसलेले आपण चौघं.

त्या खोलीत आपल्याला भेटलेली साउले आता चौदा वर्षांची आहे. इथल्या फ्यूनरल होममध्ये अग्नी द्यायचा म्हणजे एक बटण दाबायचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अंत्यविधीला ती वेळ आली तेव्हा गुरुजींनी श्रीकांतकडे पाहिलं. तोवर साउले तिथे जाऊन उभी होती. "आईचं मी करणार," ती म्हणाली. तिने बटण दाबलं, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि आमच्याजवळ येऊन उभी राहिली. ती रडली नाही. बायका हळूच एकमेकींत कुजबुजल्या की पोरगी कठीण दिसते. त्याआधी हॉस्पिसमधून घरी आल्यावर ती किती रडली होती, हे त्यांना कुठून कळणार. मीही सांगायला गेले नाही.

तुमचं आणि माझं भांडण झालं ते तिला आणायच्या आधी. भांडण म्हणजे आपल्यात व्हायचं तसंच, आवाज न चढवता. थँक्सगिव्हिंगला तुम्ही दर वर्षी आमच्याकडे यायचात. टर्की आपल्यापैकी कुणालाच आवडत नव्हती, पण चार दिवस सुट्टी असायची म्हणून मी पुरणपोळ्या करायचे. त्या वर्षी तुम्ही पोळीवर तूप वाढून घेतलंत आणि हवामानाबद्दल बोलावं तशा म्हणालात, "मी एक मुलगी दत्तक घेतेय. दहा वर्षांची. कझाकस्तानातली."

श्रीकांतचा घास हातात राहिला. आमची ईशा तेव्हा तेरा वर्षांची होती, तिला त्या वयात कशाचंच कौतुक नसायचं. ती म्हणाली, "कूल, आत्या."

"ताई, तुम्ही चौपन्न वर्षांच्या आहात," मी म्हटलं.

"माहीत आहे. माझ्या वाढदिवसाचा केक मीच आणते."

"भारतातून का नाही?" श्रीकांतने विचारलं. "निदान भाषा तरी एक असती."

"तिथल्या नियमात माझं वय बसत नाही. आणि भाषेचं काय, श्री, मी इंग्रजी शिकलेच की."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात, कारण खरी हरकत माझी आहे हे तुम्हाला दिसत होतं. "दहा वर्षांच्या मुलीला कुणी मागत नाही, मंजिरी. सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं. मला ह्या वयात कुणी बाळ देणार नाही, आणि दिलं तरी त्याच्यासाठी उठबस करायची ताकद माझ्यात नाही. ती कुणाला नको म्हणून बसलीय आणि मी पण तशीच बसलेय."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"त्याचा विचार मी केलाय," तुम्ही म्हणालात. काय विचार केलाय ते सांगितलं नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. तीस वर्षं एकटीने काढलेल्या, लहान मुलांच्या डॉक्टर असलेल्या बाईला मी काय शिकवणार, असं मनाशी म्हटलं आणि ताटं उचलायला घेतली. पण मला ते पटलं नव्हतं. मूल आणायचं तर त्याला मोठं करून, मार्गी लावून मगच आपण जावं, एवढा साधा माझा मुद्दा होता. तुमचं म्हणणं असं की अशी हमी तिशीतल्या आईलाही कुणी दिलेली नसते. ह्यावर आपण पुढे गाडीत बोललो, फोनवर बोललो, विमानातही बोललो, आणि कुणीच हललं नाही.

आम्ही तिघांनी बरोबर यावं, हा तुमचा हट्ट. "कोर्टाला दाखवायला नाही," तुम्ही म्हणालात, "तिला दाखवायला. आपण एकट्या बाईच्या घरी चाललोय असं तिला वाटू नये. मागे माणसं आहेत हे तिला दिसू दे."

ह्या एका गोष्टीने पुढे सगळा घोटाळा केला.

फेब्रुवारीत आपण गेलो. अल्माटीहून लहान विमानाने उत्तरेतल्या एका गावी उतरलो. थंडीचं आपल्याला काही वाटलं नाही, आपल्या गावातून, ईडन प्रेरीतून, निघालो तेव्हा तिथेही तेवढंच गारठलेलं होतं. तुम्ही बॅगेत प्रेशर कुकर घेतला होता. कस्टमच्या माणसाने तो उघडून आत वाकून बघितलं आणि तुम्ही त्याला शिट्टी कशी होते ते तोंडाने करून दाखवलंत. तो हसला आणि आपल्याला सोडलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी आपण मुगाची खिचडी आणि मेतकूट खाल्लं, आणि श्रीकांत म्हणाला की एवढ्या लांब येऊन एवढी चांगली खिचडी त्याने कधी खाल्ली नव्हती.

तिथला नियम असा की दोन आठवडे रोज मुलाला भेटायचं, त्याच्याबरोबर वेळ घालवायचा, आणि मग कोर्टात जायचं. दहा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारतात, तुला ह्यांच्याबरोबर जायचंय का. मूल नाही म्हणालं की विषय संपला. आपल्याला दुभाषी म्हणून रोझा दिली होती, शाळेत इंग्रजी शिकवायची, तुमच्याच वयाची, सतत रुमालाने चष्मा पुसणारी.

साउले आत आली तेव्हा तिच्या दोन वेण्यांना पांढऱ्या जाळीची मोठीच्या मोठी फुलं बांधली होती. तिने ओळीने आपल्या चौघांशी हात मिळवला. तिचं नाव ऐकून ईशाने विचारलं, "इज इट लाइक सावली?" रोझाने सांगितलं की त्यांच्या भाषेत साउले म्हणजे उजेडाचा किरण. तुम्हाला फार मजा वाटली होती. "आपल्याकडे आली की उलटा अर्थ होणार बिचारीचा," तुम्ही म्हणालात. मी नंतर सुचवलं होतं की शाळेत घालताना तिला एखादं मराठी नाव ठेवा, किरण ठेवा, अर्थही तोच राहील. तुम्ही म्हणालात, "दहा वर्षं ती ज्या नावाला ओ देतेय ते मी कोण बदलणार?" तिथे तुमचं बरोबर होतं.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं, असं आपल्याला वाटलं. तुम्ही तिच्यासाठी रंगांची पेटी आणली होती. ती तिने दोन्ही हातांनी घेतली, थँक्यू म्हणाली आणि ईशाशेजारी जाऊन बसली. दोघी टाळ्यांचा कुठलातरी खेळ खेळत. श्रीकांतबरोबर ती सोंगट्यांचा पट मांडायची आणि हरली की त्याच्या दंडावर चापटी मारायची. माझ्याजवळ येऊन टेकून बसायची. माझ्या बांगड्या एकेक करून फिरवून बघायची. तुमच्याशी मात्र ती फार अदबीने वागायची. तुम्ही आत आलात की उठून उभी राहायची, तुमचा कोट घ्यायची, पाणी आणून द्यायची.

"बघ, किती शहाणी आहे," तुम्ही मला म्हणालात. तुम्ही खूश होतात. आणि तुम्ही तिच्याकडे बघत असायचात, नुसत्या बघत, डॉक्टर बघतात तशा. दात कसे आहेत, पाठीचा कणा सरळ आहे का, नखं पांढरी का दिसतात. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते समजत नव्हतं.

मग एका दुपारी साउलेने पटावरून मान वर केली आणि तुमच्याकडे बघत रोझाला एक लांबलचक प्रश्न विचारला. रोझाने लगेच भाषांतर केलं नाही. चष्मा काढून पुसायला लागली.

"काय म्हणाली ती?" तुम्ही विचारलंत.

"ती विचारते आहे," रोझा म्हणाली, "आजीसुद्धा त्यांच्याच घरात राहते का? तिची आणि आजीची खोली एकच असेल का?"

नंतर आश्रमाच्या संचालिकाबाईंनी सांगितलं की मुलीला आधी सांगितलं होतं, अमेरिकेतलं एक कुटुंब तुला न्यायला येतंय. त्यात खोटं काही नव्हतं. तिने आपल्याला पाहिलं, आई, वडील, मोठी बहीण आणि आजी, आणि तिच्या दृष्टीने ते इतकं उघड होतं की कुणाला विचारायची गरजच नव्हती.

"तिला खरं काय ते सांगा," तुम्ही रोझाला म्हणालात.

रोझाने सांगितलं. साउलेने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ईशाकडे. ती उठली, रंगांची पेटी आणली, झाकण नीट बंद आहे ना बघितलं, तुमच्या मांडीवर ठेवली आणि खोलीबाहेर निघून गेली. आदळआपट नाही, काही नाही. ईशा एकदम म्हणाली, "दॅट्स सो नॉट फेअर," आणि ते कुणाला उद्देशून होतं ते आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी साउले भेटायला आली नाही. त्यानंतर आली ती पियानोकडे तोंड करून बसली. संचालिकाबाईंनी आपल्याला ऑफिसात बोलावलं. मुलगी नाही म्हणते आहे, त्या म्हणाल्या. दुसरं एखादं मूल बघायचंय का?

"नको," तुम्ही म्हणालात.

परत जाताना श्रीकांत आणि ईशा पुढे होते. रस्त्याच्या कडेला एक बाई सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकत बसायची. तिथे थांबलात आणि म्हणालात, "मंजिरी, तुम्ही दोघं घ्याल का तिला? सगळे कागद नव्याने करावे लागतील, वर्ष जाईल. पण तिला तू हवी आहेस."

"नाही, ताई."

"विचार करून सांग."

"विचार करूनच सांगतेय."

मी तेव्हा काही कारणं सांगितली. माझी नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि नवी जेमतेम लागली होती, घर लहान होतं, ईशाचं वय अवघड होतं. ही सगळी खरी होती, पण खरं कारण त्यांच्यात नव्हतं. मला दुसरं मूल नको होतं. माझं स्वतःचंही नको होतं, म्हणून तर ईशा एकटी आहे. ते नाही म्हणणं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तुम्ही रागावला नाहीत. "बरं," म्हणालात, आणि बियांचा एक पुडा घेऊन तो मला धरायला दिलात.

त्यानंतर दोन-तीन दिवस आपण नुसते जात राहिलो. ती पियानोकडे तोंड करून बसायची, आपण खुर्च्यांवर बसायचो. मग एके दिवशी तुम्ही रोझाला म्हणालात, "मला तिच्याशी थेट बोलायचंय. मी जे म्हणेन ते जसंच्या तसं सांगा, गोड करू नका." तुम्ही खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसलात. लहान पेशंटशी बोलताना त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं, ही तुमची सवय. साउले वळून बसली, एवढं तरी झालं.

"मी आजीच्या वयाची आहे, हे खरं आहे," तुम्ही म्हणालात. "मला नवरा नाही. दुसरं मूल नाही. ह्यांचं घर माझ्या घरापासून जवळ आहे, रविवारी आम्ही एकत्र जेवतो. मला गाता येत नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. इंजेक्शनं देते, त्यामुळे मुलांना मी फारशी आवडत नाही."

रोझाने ते सांगितलं. इंजेक्शनांचं ऐकून साउलेच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग तिने काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात.

"ती विचारतेय, तू मरशील का?"

"मरेन," तुम्ही म्हणालात. "सगळेच मरतात. मी इतक्यात मरणार नाही असा माझा अंदाज आहे. पण डॉक्टरांचे अंदाज चुकतात."

रोझाने तुमच्याकडे बघितलं. "हे असंच सांगू?"

"असंच सांगा."

साउलेने ऐकून घेतलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग मला परत इथे पाठवतील?"

"नाही. मग ही आहे." आणि तुम्ही बोट दाखवलंत. माझ्याकडे. श्रीकांतकडे नाही, तुमच्या सख्ख्या भावाकडे नाही. माझ्याकडे, आणि मान न वळवता, जणू मी कुठे बसलेय ते तुम्हाला न बघता माहीत होतं.

साउले माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? नाही म्हणायला शब्द लागले असते, आणि ते रोझाला भाषांतर करून तिला सांगावे लागले असते.

कोर्टातलं सगळं लवकर उरकलं. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, तिने हो म्हटलं. तुला काही विचारायचंय का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ह्यांच्याकडे कुत्रा आहे का. कुत्रा दिसला की तुम्ही रस्ता बदलायचात. तरी तुम्ही म्हणालात, "नाही, पण आणता येईल." इतकं पटकन दिलेलं तुमचं दुसरं उत्तर मला आठवत नाही.

आम्ही तिघं पुढे निघून आलो आणि तुम्ही तिला घेऊन मागाहून आलात. त्यानंतरची चार वर्षं मी जवळून बघितली, पण त्यातली बरीचशी तुम्हा दोघींचीच होती. तुम्ही घरात तिच्याशी मराठीच बोलायचात. ईशाला आम्ही दर रविवारी मंडळाच्या शाळेत नेऊनसुद्धा जे जमलं नाही ते साउलेला वर्षभरात जमलं. 'र'चा उच्चार तिचा अजूनही जरा जास्तच फिरतो, आणि खुर्ची तो की ती ह्यात ती कधीच बरोबर येत नाही, पण भांडते ती मराठीत. मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, नेपाळची आहे का हो? तुम्ही सांगायचात, "नाही, ईडन प्रेरीची." कुत्रा आला, तुम्ही त्याचं नाव मोती ठेवलंत, आणि शून्याखाली वीस असताना तुम्ही तोंडाला स्कार्फ बांधून त्याला फिरवताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ती शाळेत मारामारी करून आली, एकदा निघून गेली आणि लायब्ररीत सापडली, एक आख्खा हिवाळा तिने तुमच्याशी अबोला धरला. ह्यातलं तुम्ही मला अर्धंच सांगायचात. मी सल्ला द्यायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग तुमचंच करायचात.

त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, त्याबद्दल मात्र आपण कधीच बोललो नाही. पालकत्वाच्या कागदांवर वकिलाकडे जाऊन आम्ही दोघांनी सह्या केल्या, ते रीतसर झालं. पण मला न विचारता एका मुलीला माझ्या नावाने शब्द दिलात, ह्याचा मला राग होता. मोठा नव्हे, बारीक. चपलेत खडा गेल्यासारखा. कधीतरी सांगायचं म्हणून मी तो जपून ठेवला होता.

ह्या उन्हाळ्यात तुम्हाला कळलं की पोटातली गाठ साधी नाही. तुम्ही आधी साउलेला सांगितलंत, आणि श्रीकांतला त्यानंतर काही दिवसांनी. तो गराजमध्ये जाऊन बराच वेळ गाडी पुसत बसला, जी आदल्या दिवशीच धुतली होती. म्हणून मी तुम्हाला फोन केला. "ताई, चौदा वर्षांच्या मुलीला आधी? भावाच्या आधी?"

"तिने मला विचारलं होतं ना," तुम्ही म्हणालात. "उत्तर बदललं, तर ते आधी तिला कळायला हवं."

"ती लहान आहे अजून."

"ती कधीच लहान नव्हती, मंजिरी. आपण तिला भेटलो तेव्हाही नव्हती."

मी फोन ठेवला. मी म्हणत होते तसंच झालं होतं, अगदी तसंच, आणि बरोबर ठरल्याचं मला काडीचंही समाधान नव्हतं. पुढे हॉस्पिसमध्ये मी रोज येऊन बसायचे तेव्हा ह्यातला एकही विषय आपण काढला नाही. तुम्ही मला मोतीच्या लसींबद्दल सांगायचात, साउलेच्या दातांच्या तारा कधी काढायच्या ते सांगायचात. शेवटी शेवटी नुसता माझा हात धरून झोपायचात. तुम्ही तोवर कधी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

तुम्ही गेल्यावर आम्ही साउलेसाठी खोली आमच्याकडे लावून ठेवली होती. ईशा कॉलेजला गेली, तिचीच खोली. साउले येऊन बघून गेली. मग म्हणाली, "मामी, मी नाही येत इथे. आय मूव्ह्ड वन्स. दॅट वॉज अ लॉट." त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. म्हणून आम्हीच तुमच्या घरी राहायला आलोय. श्रीकांत तुमच्या स्टडीत काम करतो. तुमच्या मसाल्याच्या डब्यातली हळद कुठली आणि सुंठ कुठली हे मला वास घेऊन शोधावं लागतं. मोती मला अजून गुरगुरतो.

मागच्या रविवारी साउले आणि मी स्वयंपाकघरात होतो. ती बटाटे सोलत होती. वकील म्हणाले होते की पालकत्व आहेच, पण हवं तर आम्ही तिला रीतसर दत्तकही घेऊ शकतो. मी ते तिला सांगितलं.

"मग तू माझी आई होणार?"

"कागदावर."

"नको. मामीच राहा. आई मला दोन झाल्या."

"बरं," मी म्हटलं. मग, का कोण जाणे, मी म्हणाले, "तुला आधी मीच आई वाटले होते. आठवतं?"

"हो. मग आईने जमिनीवर बसून सगळं सांगितलं."

"आणि तू हो म्हणालीस. मी आहे म्हटल्यावर."

"नाही," साउले म्हणाली. "मी आधीच ठरवलं होतं."

मला समजलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. तुम्ही त्या दिवसांत सकाळी आम्ही उठायच्या आत फिरायला जायचात, पाठ धरते म्हणून. निदान आम्हाला तरी तुम्ही तसं सांगायचात. तुम्ही अनाथाश्रमाच्या गेटपाशी जाऊन उभ्या राहायचात, ताई. मुलं शाळेला निघाली की रशियनमध्ये गुड मॉर्निंग म्हणायचात, चुकीचं, आणि तिच्या मागून शाळेपर्यंत चालत जायचात. लांबून. जवळ न येता, काही न बोलता.

"एकदा ती बर्फावरून घसरली," साउले म्हणाली. "मी जाऊन हात दिला. मग आम्ही बरोबर चालत गेलो."

"काय बोललात?"

"काही नाही. तिला रशियन येत नव्हतं आणि मला दुसरं काहीच येत नव्हतं. शाळेच्या दारात मी तिला सांगितलं की मी येते तुझ्याबरोबर. त्याच दिवशी दुपारी ती जमिनीवर बसली."

"तुझं बोलणं तिला कळलं होतं?"

"आय डोन्ट नो. ती नुसती हसली."

तिने बटाटे धुतले आणि माझ्यापुढे ठेवले. मी फोडी करायला घेतल्या.

ताई, इथून निघायच्या आधी तीन महिने तुम्ही गाडीत रशियन शिकवणारी सीडी लावून क्लिनिकला जायचात. आम्ही गाडीत बसलो तरी बंद करायचा नाहीत, ईशा मागे बसून तुमची नक्कल करायची. बाकी सगळं विसरला असाल. पण एक मूल तुमच्याकडे बघून मी येते म्हणतंय, एवढं तुम्हाला कळलं नसेल, हे मला पटत नाही. आणि कळलं असेल, तर दुपारी तुम्ही जमिनीवर बसून जे बोललात त्यातलं काहीच तिचं मन वळवायला नव्हतं. खरं काय ते तिला कळावं म्हणून तुम्ही ते बोललात. आणि ते बोटही तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

तुम्ही मला विचारायला हवं होतंत, हे मी अजूनही म्हणेन. फक्त विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, आणि हे तुम्हाला त्या रस्त्यावर, बियावालीपाशीच कळून चुकलं होतं.